आम्ही की आपण

माझ्या मुलाला शाळेच्या नाटकात बर्गीचं काम मिळालं तेव्हा तो तिसरीत होता. बंगालच्या इतिहासातले काही प्रसंग, प्रत्येक वर्गाला एक, असा कार्यक्रम होता आणि त्यांच्या वर्गाच्या वाट्याला मराठ्यांच्या स्वाऱ्या आल्या होत्या. पुठ्ठ्याची तलवार, काजळाच्या मिशा आणि एकच वाक्य: खजिना कुठे आहे ते बोल. बाई हसत हसत म्हणाल्या म्हणे, ‘तुला फार सराव लागणार नाही, तुझ्या आईच्या घरचंच आहे.’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला तेव्हाही मान्य होतं. मुलानंही घरी येऊन ते ऐटीतच सांगितलं. मग रात्री जेवताना त्यानं बांग्लात विचारलं, ‘मा, आमरा कि बोर्गी?’

मी भाताचं पातेलं पुढे सरकवलं. प्रश्न कळला नव्हता असं नाही. अडचण व्याकरणाची होती. बांग्लात ‘आमरा’ एकच. मराठीत दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की ज्याच्याशी बोलतो तो बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. वीस वर्षं बांग्लातून मराठीत भाषांतर करते आहे, आणि कादंबरीतला जवळजवळ प्रत्येक ‘आमरा’ मला क्षणभर अडवतो. लेखकाला ठरवावं लागलं नव्हतं ते मला ठरवावं लागतं. त्या रात्री टेबलाशी आम्ही चौघं होतो. सासूबाईंकडे बघून ‘हो, आम्ही बर्गी’ म्हटलं असतं, तर मी आणि मुलगा एका बाजूला, त्या आणि नवरा दुसऱ्या बाजूला, अशी तिथल्या तिथे फाळणी झाली असती. मुलाकडे बघून ‘आपण’ म्हटलं असतं, तर ते किती जणांचं आपण?

‘बर्गी’ हा शब्द मुळात आपला. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार, आणि बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो. बंगालमध्ये या हिशेबी शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि त्याचा अर्थ उरला लुटारू. इथली सगळ्यांना पाठ असलेली अंगाई त्याच्यावर आहे. बाळ झोपतं, गल्ली शांत होते आणि बर्गी येतात. त्यातली खरी काळजी सारा कुठून भरायचा ही आहे. सासूबाई माझ्या मुलाला पाळण्यात असल्यापासून तीच म्हणत आल्या. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी दाराशी उभी होते. त्यांच्या ते लक्षात आलं, जीभ चावून त्या म्हणाल्या, ‘बउमा, तुला नाही हां.’

मला कसं नाही? माझं माहेर नागपूरचं, महालातलं. भोसल्यांच्या वाड्यावरून मी शाळेत जात असे. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर, म्हणजे इथले भास्कर पंडित, ज्यांच्यातर्फे बंगालवर चालून आले ते रघूजी भोसले नागपूरचेच. हे प्रकरण १७५१ पर्यंत चाललं आणि शेवटी अलीवर्दी खानानं वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली, ओरिसा भोसल्यांकडे गेला. शाळेत मला हे एका वाक्यात शिकवलं होतं, आणि ते वाक्य पराक्रमाचं होतं. नागपूरला आपल्या माणसांची पापं आठवत नाहीत असंही नाही. काळी मारबत दरवर्षी वाजतगाजत निघते, ती इंग्रजांना जाऊन मिळालेल्या बाकाबाई भोसलेंची म्हणून. पण ते पाप आपल्याशी केलेलं. दुसऱ्यांशी केलेल्याची मिरवणूक कुठलंही गाव काढत नाही.

दुसरी बाजू मी वाचली ती यादवपूरला एम.ए.ला आल्यावर, तौलनिक साहित्याच्या विभागात. गंगाराम नावाच्या कवीनं त्याच काळात लिहिलेलं ‘महाराष्ट्र पुराण’. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर आधी हातात पडलं, मग मूळ. त्यात गावं जळतात, पळणाऱ्या माणसांची जातवार यादी येते, बायकांवर काय झालं तेही येतं. वाचताना मी सारखी निवेदकाच्या बाजूनं वाचत होते, आणि मध्येच कोणीतरी बर्गी ओळखीच्या भाषेत रुपये मागायचा. गंगारामाची एक गोष्ट मात्र मला अजून पुरती पचलेली नाही. त्याच्या कथेत मराठे येतात ते पृथ्वीवर पाप वाढलं म्हणून, देवांच्याच इच्छेनं; आणि त्यांचा अत्याचार वाढतो तेव्हा देवी त्यांची बाजू सोडते. ज्याचा प्रदेश जळत होता तो कवी आधी स्वतःच्या लोकांचा हिशेब मांडतो. असा कवी आमच्याकडच्या कुठल्या बखरीत मला भेटलेला नाही.

कोलकात्यात बर्गी कधी आलेच नाहीत. ते येतील या भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाल्यावर काम थांबलं. पुढे तो बुजवला आणि त्याच रेषेवर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात त्या नावाची एक गल्ली अजून आहे. सियालदहहून घरी येताना बस त्याच रस्त्यानं येते, म्हणजे कधीच न आलेल्या माझ्याच लोकांसाठी खणलेल्या खड्ड्यावरून मी आठवड्यातून चार दिवस जाते. बसमध्ये हे कोणाला सांगावं असं नेहमी वाटतं, आणि नेहमी राहून जातं.

नाटकाच्या आदल्या रविवारी आम्ही ‘मिराई’ पाहिला. मामोरु होसोदा या जपानी दिग्दर्शकाचा २०१८ चा ॲनिमेशनपट, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला. कुन नावाच्या चार वर्षांच्या मुलाला बहीण होते आणि त्याचं राज्य जातं. तो रुसून घराच्या चौकातल्या झाडाशी गेला की काळ उघडतो. मोठी झालेली बहीण भविष्यातून येते, आई लहान मुलगी होऊन भेटते, पणजोबा तरुण होऊन भेटतात. जपानी संवादांखाली इंग्रजी ओळी होत्या; मुलासाठी मी मराठीत आणि सासूबाईंसाठी बांग्लात बोलत होते, आणि बऱ्याचदा उलटंही होत होतं.

पणजोबा सगळ्यांना आवडले. लंगडत चालणारा, घोडे, मोटारसायकली आणि विमानं यांच्यात रमलेला देखणा माणूस. सायकलला घाबरणाऱ्या कुनला तो पायांकडे नाही, लांब बघायला शिकवतो. त्याचा पाय युद्धात गेलेला. जखमी असताना तो समुद्रात पोहत राहिला म्हणून पुढचे सगळे जन्मले. सासूबाई म्हणाल्या, ‘आहा रे, किती गोड आहे.’ आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, ‘यांनीच ना खिदिरपूरवर बॉम्ब टाकले होते?’ त्यांच्या आईनं ते पाहिलं होतं. जपानी विमानं कोलकात्यावर पहिल्यांदा आली २० डिसेंबर १९४२ च्या रात्री. पुढच्या डिसेंबरात खिदिरपूरच्या गोदीवर भरदिवसा. त्या बॉम्बवरही बंगालच्या पोरांनी सारेगमच्या चालीत एक गाणं रचलं होतं, सासूबाईंना ते येतं. बर्गी झाले, जपानी झाले, या लोकांनी दोघांनाही मुलांच्या गाण्यात बसवून ठेवलं.

चित्रपटाची यात चूक आहे असं मी म्हणणार नाही. चार वर्षांच्या मुलाच्या नजरेतून युद्ध म्हणजे पणजोबांचा पाय, एवढंच दिसतं, आणि तेवढंच दाखवलं आहे. पण मला आमचं शाळेतलं एक वाक्य आठवलं. घरच्या मुलाच्या हाती पणजोबा द्यायचे तर प्रेम करण्याजोगेच द्यावे लागतात. त्यासाठी त्यांच्यामागचा घोडा कोणाचा आणि तो कुठे चालला होता हे झाकावं लागतं. बारगीर म्हणू शकतो की घोडा माझा नव्हता, आणि ते खोटं नाही. गावात घुसलेल्या घोड्याखाली जो आला त्याला ते ऐकवून काही उपयोग नाही, हेही खोटं नाही.

दुसरी गोष्ट त्या शर्यतीची. पणजोबा मोठी झेप असलेल्या एका मुलीला म्हणतात, आपण धावू, मी जिंकलो तर लग्न कर. पाय असा, तरी ते जिंकतात, कारण ती मुद्दाम हळू धावते. ती सगळी ताकद लावून धावली असती तर कुन नाही, मिराई नाही. अशा लहानसहान गोष्टी साचत साचत आपण झालो, असं मोठी मिराई भावाला समजावते. हे ऐकायला गोड आहे, पण भूतकाळ शर्यतीचा असेल तोवरच. माझा मुलगा जन्मला तो मी गीतांजली एक्सप्रेसमध्ये बसले म्हणून. त्याला भास्कर पंडितांची गरज नव्हती. पण सखाराम गणेश देऊस्करांचं काय? पूर्वज कोकणातल्या देऊसचे, मराठ्यांच्या अमदानीत पूर्वेकडे आलेले असं सांगतात. सखाराम १८६९ मध्ये देवघरजवळ जन्मले, बांग्लात लिहू लागले, आणि १९०४ मध्ये त्यांचं ‘देशेर कथा’ आलं. इंग्रजांनी देश कसा धुऊन नेला याचा आकडेवारीनिशी हिशेब. १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. त्यांच्याच ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी शिवाजी-उत्सवावरची कविता लिहिली. बर्गींच्या नावानं झोपणारं बंगाल शिवाजीच्या नावानं जागं होऊ लागलं, ते या बांग्ला लिहिणाऱ्या मराठी माणसामुळेही. मग काय, मराठ्यांची घोडी पूर्वेला वळली ते बरं झालं म्हणायचं? देऊस्कर झाले याबद्दल कृतज्ञ असणं वेगळं, आणि काटव्याची गावं जळली ते ठीकच झालं असं वाटणं वेगळं. पहिल्यातून दुसरं निघत नाही. काळात मागे जाणाऱ्या गोष्टी हे दोन्ही फार लवकर एक करतात, आणि आपण मराठी माणसं काही कमी करत नाही. ‘अटकेपार झेंडे लावले’ म्हणताना आपणही यंत्रात बसून १७५८ मध्ये जाऊन येतोच की. ते यंत्र १७४२ च्या काटव्याला थांबत नाही एवढंच. तिकडे उतरायला नको असेल तर झेंड्याचं तिकीटही परत करायला हवं. मला दोन्ही परत करता येत नाहीत. माझी भाषाच त्या तिकिटावर आलेली आहे.

चित्रपटात मला खरा धरून ठेवणारा भाग शेवटाकडचा. कुन हरवतो, टोकियोच्या अवाढव्य स्टेशनात, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी. तिथला माणूस विचारतो: तू कोण, आईचं नाव काय, बाबांचं काय? कुनला आई म्हणजे आई एवढंच माहीत. ज्याला कोणी आपलं म्हणणार नाही त्याच्यासाठी खाली एक काळी गाडी उभी आहे. वरच्या पिढ्यांतलं काहीही त्याच्या कामी येत नाही. घोड्यावर बसवणारे पणजोबाही नाहीत. त्याच गाडीकडे रांगत निघालेली तान्ही बहीण दिसते तेव्हा तो धावत जाऊन तिला उचलतो आणि ओरडतो की मी मिराईचा दादा आहे. जी पदवी तो सबंध चित्रपटभर नाकारत आला तीच. आणि ती ओळख चालते.

मी ते वाक्य मराठीत म्हणता म्हणता थांबले. आपण कोणाचे, हे मी नेहमी मागे वळून शोधलं होतं: नागपूर, महाल, वाडा. या मुलानं ते खाली बघून, आता कोणाला उचलायचं आहे यावरून सांगितलं. मग दोनशे ऐंशी वर्षांपूर्वीच्या गोष्टीत माझा वाटा किती हे त्या रक्तावर ठरत नाही. ते माझ्या टेबलाशी कोण बसतं आणि त्यांच्या घरच्या आठवणीला मी जागा देते की नाही, यावर ठरतं. नवऱ्याच्या आजोळचं गाव दाइँहाटच्या बाजूचं. भास्कर पंडितांनी १७४२ ची दुर्गापूजा तिथेच मांडली होती, आणि अलीवर्दीची फौज आल्यामुळे ती अर्धी टाकून निघाले. लग्नाला बारा वर्षं झाली, मी तिथे कधी गेले नव्हते. कोणी नको म्हटलं नव्हतं. मीच विषय काढला नव्हता.

त्या रात्री मुलाला मी सांगितलं, मराठीत, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना. ‘हो, आपण बर्गी. आणि ज्यांच्याकडे बर्गी आले तेही आपणच.’

त्यानं विचार केला. ‘म्हणजे ठाम्मापण बर्गी?’

सासूबाईंनी काय म्हणतोय म्हणून विचारलं. मी भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, ‘मी बर्गी असते तर तुझ्या आजोबांनी रोज एवढी मासळी आणायला लावली नसती. घाबरून असते माझ्याकडून.’

‘ते बर्गी कुठून आले होते?’

‘नागपूरहून,’ मी म्हटलं.

‘मामाकडून?’ त्याचे डोळे मोठे झाले. दर उन्हाळ्यात आम्ही जातो तो मामाचा गाव, संत्राबर्फी आणि कूलरवाला. ‘एवढ्या लांबून? घोड्यावर?’

नाटक झालं. त्याच्या मिशा घामानं गालावर उतरल्या आणि तो आपलं एकुलतं वाक्य विसरला. खजिन्याऐवजी ‘तुझं नाव काय’ असं विचारून मोकळा झाला. त्या रात्री सासूबाई त्याला म्हणाल्या, की अंगाईतला बर्गी काढून दुसरं काहीतरी घालू या, वाघ किंवा पाऊस. त्यानं दोन्ही घालून पाहिले. मग म्हणाला, ‘नको, ताल चुकतो,’ आणि कूस बदलून झोपला.