परीक्षा घेणं बंद कर

बस. चहा नंतर, आधी ऐक. आणि मान वर करून ऐक.

काल पाहुण्यांसमोर आबांना विचारलंस, ‘ओळखा बघू, मी कोण?’ त्यांनी तुला आपला धाकटा भाऊ समजून हाक मारली, तर सगळ्यांत आधी तूच हसलास. जन्मभर मी पोरांच्या परीक्षा घेतल्या. पण न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न काढायचा नाही, एवढं पथ्य पाळलं. तुला तेवढंही जमेना?

वर म्हणतोस, ‘नाटक करतात हो सर. मिलमधलं सगळं आठवतं, सकाळी जेवलेलं बरं आठवत नाही!’ बी.एस्सी. झालास ना रे? नवी आठवण मेंदूत ज्या हिप्पोकॅम्पसमध्ये रुजते, तिथंच अल्झायमर बहुतेकदा आधी घाव घालतो. ॲमिलॉइड साचतं, टाऊ प्रथिनाचे गुंते होतात, पेशी मरतात. म्हणून लक्ष्मी-विष्णू मिलमधले साचे, जॉबरचं नाव, भोंग्याची वेळ अजून शाबूत, आणि तासाभरापूर्वी खाल्लेली भाकरी-शेंगाचटणी गायब. अरे, सोंग वठवायलाही मघाशी काय केलं ते लक्षात ठेवावं लागतं!

1901 साली फ्रँकफुर्टला डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी 51 वर्षांच्या ऑगस्टे डेटर या बाईला नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं स्वतःचंच सांगितलं. प्रश्न त्यांनीही विचारले, पण उत्तरं टिपून ठेवली. 1906 मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू तपासला आणि हा आजार जगापुढं मांडला. तू काय केलंस? व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकलास.

‘साठी बुद्धी नाठी, चालायचंच’ हे तर ऐकवूच नकोस. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या शंभरांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. उरलेल्यांना काय साठी आलीच नाही?

पहाटे उठून आबा म्हणतात, ‘पाळीला उशीर झाला.’ तू खेकसतोस, ‘मिल बंद पडून जमाना झाला!’ म्हणजे रोज पहाटे त्या माणसाची नोकरी नव्यानं जाते, तुझ्या तोंडून. ‘आज सुट्टी आहे आबा, चहा घ्या’ म्हणायला काय जातं? खोटं बोलायचा संकोच? पाचवीत पोटदुखीच्या किती चिठ्ठ्या आणल्यास, ते सांगू का पोरांना?

आणि बाहेरून कडी लावून कामावर जातोस म्हणे. घरात आग लागली तर? माणूस ठेव सोबतीला. गड्ड्याच्या जत्रेत, गर्दीत नेलंस तर हात सोडू नकोस, खिशात नाव, पत्ता, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू दे.

सोमवारी आबांना सिव्हिलला आण. केसपेपरच्या रांगेत मी उभा राहतो. बी-12 कमी असलं, थायरॉइड बिघडलं, मन खचलं तरी विसरायला होतं, आणि त्यावर इलाज आहे. ते आधी तपासू. अल्झायमरच निघाला तर गोळ्यांनी काहींना काही काळ बरं वाटतं. आजार मुळातून जात नाही, हेही आत्ताच ऐकून ठेव.

आणि त्या दिवशी अंघोळ तू घालायचीस, बायको नाही. सदरा हातात देऊन ‘घाला लवकर’ म्हणत दारात उभा राहू नकोस. एक बाही धर, हात आत जाऊ दे, मग दुसरी. वरचं बटण त्यांना लावू दे. वेळ लागेल.