पाण्याखालचा तांबडा रंग

गेल्या हिवाळ्यात नंदगडहून आंबोलीमार्गे आम्ही काही कुटुंबे मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या समुद्रात बुडी मारून प्रवाळ पाहण्याची तेथे सोय आहे. घरातला जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा जलरोधक पेटीत घालून मुलांनी खाली नेला. छायाचित्रे मात्र सारी हिरवट-निळी आली. घरी परतल्यावर एका मुलाने संगणकावर तांबडा रंग वाढविला आणि काळपट प्रवाळ जास्वंदीसारखे फुलले. सर्वांना आनंद झाला. आम्हास मात्र प्रश्न पडला : यांतले खरे कोणते?

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडे किरण सर्वांआधी शोषून घेते. पाच-सहा मीटर खोलीवरच तांबडा बराचसा लोपतो. मागोमाग नारिंगी जातो, मग पिवळा. वस्तू आणि कॅमेरा यांमधले आडवे पाणीही आपला वाटा घेतेच.

मग पाण्यात डोळ्यांना दिसला तो रंग खरा, की उजेडात दिसला असता तो? आमच्या मते दोन्ही खरे. 'तेथे असे दिसले' आणि 'मूळचे असे आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. एकाच्या जागी दुसरे खपविणे, किंवा मनाजोगते तिसरेच रचणे, येथे असत्य सुरू होते.

जाणकार छायाचित्रकार पांढरी पाटी सोबत नेतात. ज्या खोलीवर चित्र घ्यायचे तेथेच ती धरून 'हे पांढरे' असे कॅमेऱ्याला सांगतात. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. खोली बदलली की पुन्हा पाटी धरावी लागते. हाताच्या अंतरावरची वस्तू फ्लॅशच्या उजेडातही मूळचा रंग दाखविते. पण जेथे तांबडा किरण पोहोचलाच नाही, तेथे संगणकावर तांबडा कितीही वाढविला तरी चित्राचा दाणेदारपणाच वाढतो. २०१९ साली देर्या अक्कायनाक व ताली त्रेबित्झ या संशोधिकांनी चित्रातले पाणी जणू पुसून टाकणारी संगणकीय पद्धत मांडली. तिलाही प्रत्येक वस्तू किती अंतरावर आहे हे आधी कळावे लागते.

आपल्या घराण्यांच्या कथांचेही असेच आहे. पूर्वज या भागात कसे आले, कशापायी आले, हे आपण मुलांना सांगतो. त्या कथांवर पिढ्यांचे पाणी चढले आहे. कर्ज, भाऊबंदकी, उपासमार हे रंग आधी विरतात आणि त्या जागी आपण शौर्य भरतो. प्रेमापोटीच भरतो, पण माप हाती नसते. जुनी खतावणी, जमिनीचे कागद, देवळातला शिलालेख या आपल्या पांढऱ्या पाट्या. संगोळ्ळी रायण्णांची कथाही गावोगावी निरनिराळ्या रंगांत सांगितली जाते. १८३१ साली त्यांना याच नंदगडात फाशी दिले गेले, हे तिच्यातले पांढरे. तेवढे स्थिर धरले की बाकीचे रंग ताडून पाहता येतात. ज्याला पुरावा नाही ते सांगू नये असे आम्ही म्हणत नाही. ते ऐकीव आहे, एवढे सांगून सांगावे.

आम्ही दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी चिकटविली आणि खाली लिहिले : 'डावीकडे, कॅमेऱ्यात उतरले तसे. उजवीकडे, तांबडा अंदाजाने वाढवून. पाटी नेली नव्हती.'