उरलेले शीत कोणाच्या वाट्याला?



आपल्या परिवारातली कितीतरी मुलं आज घराबाहेर राहून शिकतात. कुणी ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात, कुणी फर्मागुडीला, कुणी पुण्या-बेळगावात. फोनवर आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवण कसं आहे रे?" प्रश्न बरोबरच आहे. पण दुसरा एक प्रश्न नेहमी राहून जातो. ताटात उरतं किती, आणि उरलेलं जातं कुठे? आज त्यावर थोडं चिंतन करूया.

*पैसे भरले म्हणजे काय मिळाले?*

देवळात महाप्रसादाच्या पंगतीला बसलो की आपण जपून जेवतो. वाढपी आला की हात आडवा करून "पुरे" म्हणतो. प्रसाद टाकायचा नसतो, हे लहान मुलालासुद्धा सांगावं लागत नाही. तोच मुलगा होस्टेलच्या मेसमध्ये डावभर शीत जास्त घेतो, अर्धं ताटात ठेवतो आणि बादलीत ओतून निघून जातो. विचारलं तर उत्तर तयार असतं, "पैसे भरलेत ना!"

तांदूळ दोन्हीकडे शेतातच पिकलेला. फरक एवढाच, की प्रसाद आपल्याला दिला गेला आणि जेवण आपण विकत घेतलं. मग पैसे दिल्यावर अन्नाची पवित्रता कमी होते का? विकत घेतलेली वस्तू माझी झाली, हे व्यवहारात खरं आहे. पण माझी झाली म्हणून ती नासवायचा हक्कही मिळाला का?

बघा, मेसच्या पैशात काय काय येतं? तांदळाची किंमत, गॅस, आचाऱ्याची मजुरी. आणि काय येत नाही? एक किलो तांदूळ पिकायला साधारण अडीच हजार लिटर पाणी लागतं असं मानतात. तिळारीचं पाणी कालव्यातून पेडणे-डिचोलीत येतं, त्या पाण्यासाठी धरणाखाली कुणाची घरं-शेतं गेली. चिखलात वाकून लावणी केलेली पाठ, पावसाने दिलेली साथ, मातीने दिलेला कस. यातल्या कशाचंही बिल मेसच्या पावतीवर नसतं. म्हणजे जेवणाचा मोठा भाग आपण विकत घेतलेलाच नाही. तो आपल्याला दिला गेला आहे. त्या अर्थाने मेसचं ताटही प्रसादच.

तैत्तिरीय उपनिषदात भृगुवल्लीमध्ये अन्नाविषयी व्रतं सांगितली आहेत. अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावं. यात कुठेही "फुकट मिळालं असेल तर" अशी अट नाही.

*टाकलेले जाते कुठे?*

"टाकून दिलं" असं आपण सहज म्हणतो, जणू ती वस्तू जगातून नाहीशी झाली. ती नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी वाट्याला जाते.

घरातलंच बघूया. मुलाने ताटात चपाती ठेवली, कालची भाजी उरली, तर ती कुठे जाते? बहुतेक घरांत आई खाते. "टाकायला जीव होत नाही" म्हणून सकाळचं शिळं तिच्या ताटात जातं. घरात अन्न वाया गेलं नाही याचं आपल्याला समाधान वाटतं, पण मुलाला आपण टाकलेलं कधी दिसलंच नाही. त्याचा भार आईने मुकाट्याने उचलला. पुढे तोच मुलगा होस्टेलला जातो. तिथे आई नसते, बादली असते. बादली कुणी उचलायची, हा विचार त्याच्या मनात येत नाही, कारण घरी तो कधी करावाच लागला नव्हता. म्हणून माताभगिनींनो, एक नम्र विनंती. दुसऱ्याच्या उष्ट्याला आपलं पोट ही जागा नव्हे. त्यात त्याग दिसतो, पण मुलाचं शिक्षण अर्धं राहतं.

मेसमधली ती बादली दुपारी एक कामगार उचलतो. त्यात शीत असतं, हुमण असतं आणि त्यातच कागदी कप, प्लास्टिकचा चमचा, टिश्यू पेपरही असतो. मग कुणाला तरी त्यात हात घालून ते वेगळं करावं लागतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा निर्माण होतो तिथेच वेगळा करायला सांगितलं. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज तयार होते. पण यंत्रापर्यंत कचरा पोचायच्या आधी माणसाचे हात लागतात. आपण दोन सेकंद वाचवतो, ती दोन सेकंदं दुसऱ्याच्या हाताला घाण लावून वाचलेली असतात.

डिचोलीच्या लोकांना तर हे समजावून सांगायला नको. खाणींतून खनिज बाहेर गेलं आणि त्याहून कितीतरी जास्त माती-दगड "निरुपयोगी" म्हणून बाजूला रचला गेला. ज्याने टाकला त्याच्या हिशोबात तो संपला होता. पण पावसात तीच माती वाहून शेतांत आणि ओहोळांत उतरली, भातशेती गाळाने भरली. 2012 मध्ये खाणकाम थांबलं, पण ढीग तिथेच राहिले. ताटातलं मूठभर शीत आणि डोंगराएवढा मातीचा ढीग यांची बरोबरी नाही, हे मान्य. पण दोन्हीमागचा विचार एकच. *माझ्या डोळ्यांआड गेलं म्हणजे संपलं.*

*काही प्रामाणिक शंका*

मुलं विचारतात, "मी टाकलेलं शीत काही उपाशी माणसाकडे पोचणार नव्हतं. मग मी खाल्लं काय, टाकलं काय?" शंका खोटी नाही. ताटातलं उष्टं कुणाला देता येत नाही. पण आचारी उद्याचा तांदूळ आजचा अंदाज बघून घालतो. शंभर मुलांनी लागेल तेवढंच घेतलं तर उद्या टोपात तांदूळ कमी पडतो, गॅस कमी जळतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं. हा डोंगर कुणी एकाने रचला नाही. तो अशाच मुठी-मुठींचा आहे.

दुसरी शंका, "जेवणच वाईट असतं." असेल. तर मेस समितीत बोलावं, चार जणांनी मिळून लिहून द्यावं. ताटात टाकलेलं शीत ही तक्रार नव्हे, ती आचाऱ्याला कळतसुद्धा नाही. ती फक्त बादलीला कळते.

तिसरी गोष्ट आपणच लक्षात ठेवायची. टाकायचं नाही म्हणून पोटात कोंबणं हेही अन्न वाया घालवणंच आहे, फक्त बादलीच्या जागी शरीर. खरा संयम ताट संपवताना नाही, वाढून घेताना लागतो. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी जेवणघरातले मोठे ट्रेच काढून टाकले. हातातल्या ताटात मावेल तेवढंच घेतलं जाऊ लागलं आणि वाया जाणंही कमी झालं. आपल्या पंगतीत "थोडं वाढा, लागलं तर मागतो" म्हणण्याची रीत होतीच.

*अन्नापुरतंच नाही*

कॉलेजच्या दुकानातली पाण्याची बाटली, चिप्सचं पाकीट, चहाचा कागदी कप यांनाही हाच विचार लागू आहे. 1 जुलै 2022 पासून देशात प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ यांवर बंदी आली. पण कायदा ठरावीक वस्तूंनाच अडवतो, सवयीला अडवत नाही. आणि वर्षअखेरीला होस्टेल रिकामं होतं तेव्हा बघा. चांगल्या बादल्या, गाद्या, हँगर, अर्ध्या कोऱ्या वह्या तशाच टाकल्या जातात. जूनमध्ये नवीन मुलं येऊन त्याच वस्तू पुन्हा विकत घेतात. पूर्वी आपल्याकडे जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून नवी वही करत. ती गरिबी होती असं आज वाटतं. खरं तर तो वस्तूचा मान होता.

गाडगे महाराज (1876–1956) गावात गेले की आधी हातात खराटा घेत, गाव झाडत, आणि मग संध्याकाळी कीर्तनाला उभे राहत. मिळालेली भाकरी गाडग्यात घेऊन खात. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्या पेडण्यात विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव आहे. कमानीवर संताचं नाव सरकार लावू शकतं. त्या नावाला साजेसं वागणं मात्र कॅन्टीनमध्ये रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्याच हाती असतं. आणि ते त्याला घरून मिळतं.

*या महिन्याचा संकल्प*

१) घरात प्रत्येकाने आपलं ताट स्वतः रिकामं करावं आणि स्वतः धुवावं. उरलेलं आईच्या ताटात जाणार नाही.

२) शिळं उरलंच तर ते सगळ्यांनी वाटून घ्यावं. साली, देठ माडाच्या आळ्यात घालावेत.

३) होस्टेलवरच्या मुलांना फोनवर "काय जेवलास?" याबरोबर "बादली कोण उचलतं? त्यांचं नाव माहीत आहे का?" हेही विचारावं.

४) होस्टेल सोडताना बादली, गादी, पुस्तकं पुढच्या मुलाला देऊन यावीत.

नामस्मरणाला बसताना आपण मन रिकामं करतो. जेवून उठताना ताट रिकामं करणं ही त्याच साधनेची पहिली पायरी समजूया. सर्वांनी आपापल्या कुटुंबाच्या गटात हे जरूर वाचून दाखवावं, मुलांशी बोलावं.

सर्वांचे कल्याण होवो 🙏