किती लांबचं ताट?

कोजागरीच्या संध्याकाळी आई गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून चंद्र वर येत होता, तांबूस, खालून जरा चपटलेला. "केवढा आहे बघ, ताटाएवढा!" ती म्हणाली. मध्यरात्री दुधाचे पेले घेऊन आम्ही पुन्हा वर गेलो तेव्हा तो डोक्यावर आला होता. मी मुद्दाम विचारलं, "आता केवढा दिसतो?" तिने मान मागे टाकून पाहिलं. "आता वाटीएवढा झाला."

माझ्याकडे फायलीला लावायचा, भोकं पाडलेला एक कागद होता. पंचिंग मशीनने पडणारं भोक साधारण सहा मिलिमीटरचं असतं. हात पूर्ण लांब करून, एक डोळा मिटून ते चंद्रासमोर धरलं की पुनवेचा चंद्र त्यात जेमतेम मावतो. संध्याकाळी आईचा चंद्र ताटाएवढा होता तेव्हा मी तो कागद धरून पाहिला होता, आणि तेव्हाही तो त्या भोकात तसाच मावला होता. ताट, वाटी आणि तुरीचा अख्खा दाणा जाईल एवढं भोक, ही तिन्ही मापं एकाच रात्रीच्या एकाच चंद्राची. तिन्ही प्रामाणिक. तरी त्यांतल्या एकाच मापाबरोबर ते किती लांब धरायचं हेही सांगितलेलं आहे.

आकाश मोजण्याचा सगळा इतिहास मला या अर्ध्या राहिलेल्या वाक्याचा इतिहास वाटतो. चंद्र ताटाएवढा हे म्हणणं सोपं आहे. पण किती लांबचं ताट, हे विचारायला माणसाला फार काळ लागला.

आपल्या बोलीत आकाशाला जमिनीवरची मापं लावायची सवय जुनी आहे. 'कासराभर दिवस वर आला' असं खेड्यातली जुनी माणसं अजून म्हणतात. कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायचा दोर. पुरुषभर दिवस, हातभर दिवस हेही त्याच घरातले. सूर्य क्षितिजापासून एका कासऱ्याएवढा वर चढला, पण तो कासरा कुठे धरायचा? बांधावर, की टेकडीच्या माथ्यावर? हे कुणी विचारत नाही, कारण सांगणारा आणि ऐकणारा एकाच शिवारात उभे असतात आणि दोघांच्या डोळ्यांना तो दोर सारखाच दिसतो. न्याहारीची वेळ कळली की मापाचं काम संपलं. मला हे शब्द अपुरे वाटत नाहीत. फक्त शिवाराबाहेर ते चालत नाहीत.

ग्रीसमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वी हेराक्लिटस सूर्याची रुंदी माणसाच्या पावलाएवढी सांगत होता. त्याच्यानंतर ॲनॅक्सागोरसने तो पेलोपोनीस या सबंध द्वीपकल्पाहून मोठा असल्याचं सांगितलं. पुढे एपिक्युरसने मात्र सूर्य साधारण दिसतो तेवढाच असल्याचं म्हटलं. हेराक्लिटसला भोळा म्हणावंसं मला वाटत नाही. गच्चीवर आई तेच म्हणत होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांना तेच दिसत होतं.

आपल्याकडच्या सूर्यसिद्धान्तात या गोष्टीचा जो विचार आहे तो मला विशेष आवडतो. एका अंशात ६० कला असतात. चंद्रबिंबाचा मध्यम व्यास या ग्रंथाने ३२ कला धरला आहे, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, आणि तो आजच्या मापाच्या अगदी जवळचा आहे. पण ग्रहणाची आकृती काढायची वेळ येते तेव्हा कलांची अंगुळं करावी लागतात, आणि तिथे ग्रंथकार एकच प्रमाण देत नाही. बिंब क्षितिजावर असेल तर ३ कलांचं एक अंगुळ धरायचं, माथ्यावर असेल तर ४ कलांचं, आणि मधल्या उंचीसाठी त्या हिशेबात मधलं. म्हणजे तोच ३२ कलांचा चंद्र उगवताना जवळजवळ पावणेअकरा अंगुळांचा आणि माथ्यावर ८ अंगुळांचा. ताट आणि वाटी! कोन बदलत नाही हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि डोळ्याला तो बदलल्यासारखा वाटतो हेही ठाऊक होतं. त्याने डोळ्याला खोटं पाडलं नाही, गणितात त्याच्यासाठी जागा केली.

अंतर मात्र इथेही सांगितलेलं नाही. ते मी काढून पाहिलं. चोवीस अंगुळांचा एक हात आणि हात साधारण ४५ सेंटिमीटरचा, तेव्हा अंगुळ झालं दोन सेंटिमीटरला थोडं कमी. एवढी वस्तू ३ कलांची दिसायला ती २२ मीटरच्या आसपास लांब हवी, ४ कलांची दिसायला १६ मीटरच्या आसपास. मग हेराक्लिटसच्या पावलाला तोच हिशेब लावला. तीस सेंटिमीटरची वस्तू सूर्याएवढी दिसते ती साधारण ३२ मीटरवरून. एक ग्रीक विचारवंत, एक भारतीय ज्योतिषी, दोघांच्या मधे कित्येक शतकं आणि समुद्र, आणि तरी दोघांचं न सांगितलेलं अंतर एकाच पट्ट्यात येतं. ते अंतर म्हणजे उंच माडाची उंची. आईच्या ताटाचंही तेच. वहीतले आकडे पाहून मी बराच वेळ तशीच बसले. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर आहे हे शाळेत शिकलेलं असूनही, माझ्या मनातला चंद्र माडाच्या शेंड्याशीच टांगलेला आहे.

उगवता चंद्र मोठा का वाटतो यावर टॉलेमीपासून लोक लिहीत आले आहेत. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने हवेला दोष न देता मनाकडे बोट दाखवलं. क्षितिजाकडे पाहताना मधे झाडं, घरं, टेकड्या येतात, त्यामुळे ती बाजू लांब वाटते, आणि लांबची गोष्ट तेवढ्याच कोनात दिसली तर मन ती मोठी धरतं. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. प्रत्यक्षात उगवता चंद्र माथ्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येएवढा जास्त लांब असतो, म्हणून तो सुमारे दीड-दोन टक्क्यांनी लहानच दिसायला हवा.

अंतर वाक्यात पहिल्यांदा स्पष्ट आलं ते, मला वाटतं, आर्किमिडीजच्या हातून, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात. त्याने एक लांब दांडी आडवी ठेवली, तिच्यावर एक लहान गोल ठोकळा उभा केला. सूर्य नुकता उगवलेला, डोळ्यांना सोसवेल असा. दांडीच्या एका टोकाला डोळा लावून तो ठोकळा पुढे-मागे सरकवत राहिला. एका जागी सूर्य पूर्ण झाकला गेला, दुसऱ्या जागी ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी कडा डोकावू लागल्या. त्याने एक आकडा न देता दोन मर्यादा दिल्या. सूर्याचा कोन काटकोनाच्या दोनशांशाहून मोठा आणि एकशेचौसष्टांशाहून लहान आहे, म्हणजे २७ ते ३३ कलांच्या मधे. खरं माप ३२ कलांच्या आसपास आहे, आणि ते त्या मर्यादांत बसतं. यात मला सगळ्यांत जास्त भिडतं ते हे की बघणारा डोळा म्हणजे बिंदू नव्हे, त्यालाही रुंदी आहे, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो फरक त्याने हिशेबात धरला. वस्तू आली, अंतर आलं आणि पाहणाराही आला.

सूर्य आणि चंद्र आपल्याला जवळपास सारखेच दिसतात, तेव्हा सूर्य जितक्या पट लांब, तितक्याच पट मोठा. हे समजायला कोन पुरला, पण पट किती हे सांगायला अंतर लागत होतं. ॲरिस्टार्कसने अठरा ते वीस पट काढली. आर्यभटाने चंद्राचा व्यास ३१५ योजनं आणि सूर्याचा ४४१० योजनं दिला, म्हणजे चौदा पट. खरं उत्तर सुमारे चारशे पट आहे. कोनावर सगळ्यांचं एकमत होण्यासारखं होतं, अंतराने सगळ्यांना चकवलं.

ताऱ्यांच्या बाबतीत मात्र कोनानेच चकवलं. दुर्बीण येण्याआधी टायको ब्राहेने ठळक ताऱ्यांचा व्यास दोन कला मानला होता आणि तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्यांचा एका कलेहून थोडा जास्त. त्यावरून, पृथ्वी सूर्याभोवती फिरते या कोपर्निकसच्या मतावर त्याने जो प्रश्न केला तो कुणालाही कळेल असा आहे. माझ्या अंगणातून पलीकडच्या टेकडीवरचं देऊळ चार बोटांएवढं दिसतं, आणि देवळातून पाहिलं तर माझं सगळं अंगण चार बोटांहून लहान दिसतं. तर देऊळ अंगणाहून मोठं असलं पाहिजे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असती तर वर्षभरात तारे जरा तरी हललेले दिसले असते. टायकोला ते एका कलेएवढेही हललेले दिसले नाहीत. म्हणजे ताऱ्यावरून पृथ्वीची अख्खी कक्षा एका कलेहून लहान दिसत असणार. पण तारा इथून कलेहून मोठा दिसतो. मग तो कक्षेहूनही मोठा. असे अजस्र तारे मानण्यापेक्षा पृथ्वी स्थिर मानणं त्याला पटलं. त्याच्या तर्कात खोट नव्हती. त्याचा डोळा ताऱ्याचा प्रकाश पसरवून दाखवत होता, एवढीच चूक.

गॅलिलिओने यावर केलेला प्रयोग १६३२ साली छापलेल्या त्याच्या संवादग्रंथात आहे. त्याने एक बारीक दोरी टांगली आणि अभिजित तारा तिच्या आड झाकला जाईपर्यंत तो मागे-पुढे झाला. दोरीची जाडी आणि आपलं अंतर यांवरून त्याने ताऱ्याचा कोन ५ विकला काढला. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग, तेव्हा टायकोच्या मापाचा चोविसावा हिस्सा. बाहुलीची रुंदी त्यानेही हिशेबात धरली होती. तरीही अभिजितचं खरं माप विकलेच्या सुमारे तीन-सहस्रांश आहे, गॅलिलिओच्या आकड्याच्या हजारांहून अधिक पट लहान. दुर्बिणीत दिसणारी ताऱ्याची चकती हीसुद्धा प्रकाशाच्या पसरण्याची असते, हे १८३५ साली जॉर्ज एअरीने दाखवलं.

ताऱ्याचा खरा कोन हाती लागला तो १३ डिसेंबर १९२० रोजी. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीवर मायकेलसन आणि पीझ यांनी वीस फुटी तुळई बसवली होती, तिच्या टोकांना आरसे. त्यांच्या साहाय्याने काक्षीचा, म्हणजे आपल्या आर्द्रा नक्षत्रातल्या तांबड्या ताऱ्याचा व्यास ०.०४७ विकला निघाला. हे केवढं? मुंबईत कुणी दहा रुपयांचं नाणं धरलं आणि पुण्याहून ते दिसलं, तर ते साधारण एवढं दिसेल. आणि काक्षी खरोखरच पृथ्वीच्या कक्षेहून मोठा आहे. टायकोने अशक्य म्हणून सोडून दिलेला तारा आकाशात होताच, हिवाळ्यात रोज त्याच्या डोळ्यांसमोर येत होता.

पुढे चंद्रच मोजपट्टी झाला. १९७० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी उटीजवळच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केली. चंद्राची कड एखाद्या दूरच्या रेडिओस्रोतावर सरकताना त्याचा रेडिओ संकेत किती झटकन किंवा किती सावकाश मावळतो, यावरून स्रोताचा कोन काढायचा. अशी शेकडो मापं घेऊन स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ च्या सुमारास दाखवलं की क्षीण, म्हणजे दूरचे, म्हणजेच जुने स्रोत जवळच्यांसारखे नाहीत, विश्व काळाबरोबर बदलत आलं आहे. काळाबरोबर न बदलणाऱ्या विश्वाची बाजू मांडणाऱ्या फ्रेड हॉइल आणि आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांना हा मोठा आक्षेप होता. इतक्या मोठ्या वादात 'केवढं दिसतं' हा गच्चीवरचा प्रश्न साक्षीला उभा राहिला, हे मला अजूनही थरारक वाटतं.

एप्रिल २०१९ मध्ये एम-८७ या दीर्घिकेच्या मध्यातल्या कृष्णविवराचं चित्र आलं. त्याच्या भोवतीच्या तेजाच्या कड्याचा व्यास विकलेच्या ४२ दशलक्षांश भागांएवढा. मी हिशेब मांडला तर आलं की चंद्रावर ठेवलेलं मोसंबं इथून एवढं दिसेल. अडीच हजार वर्षं आपण जमिनीवरची वस्तू धरून चंद्र मोजत होतो, आता ती वस्तू उचलून चंद्रावर नेऊन ठेवावी लागते.

मध्यरात्री दूध संपल्यावर मी तो कागद आईच्या हातात दिला. तिने एक डोळा मिटला, हात लांब केला, कागद जरा इकडेतिकडे केला आणि थांबली.

"अगं, सगळा मावला की यात."

"संध्याकाळीही एवढाच होता."

"तेव्हा ताटाएवढा होता, मी पाहिला ना," ती म्हणाली. मग तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली. चार दिवसांनी संकष्टी आहे, तेव्हा चंद्र उगवतानाच बघीन म्हणाली.