उष्टावण

आमच्याकडं बाळाला पहिला घास मामा भरवतो. मुलगा असला तर सहाव्या नाहीतर आठव्या महिन्यात, मुलगी असली तर पाचव्या-सातव्या. माझ्या नातवाच्या उष्टावणाला त्याचा मामा दौंडकडून भीमा ओलांडून आमच्या शिरूरच्या अंगाला आला. पाट, चांदीची वाटी, तांदळाची खीर, सगळं साग्रसंगीत झालं. पोरानं पहिला घास थुंकला, दुसरा गिळला. सगळे हसले.

माझी आई म्हणायची, "दूध आईचं एकटीचं असतं. अन्न चार लोकांचं असतं, म्हणून ते चार लोकांत भरवायचं." मला ते लहानपणी नुसतं बोलणं वाटायचं.

त्याच हंगामात आमच्या उसाला तोड आली. बीडकडची टोळी होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि मजुरी टनावर. त्यातल्या एका बाईचं आठ महिन्यांचं पोर फडाच्या कडेला पाचटावर पडलेलं असायचं. सात वर्षांची बहीण त्याला राखायची. आई अधूनमधून येऊन पाजून जायची. पोर लईच रडलं तर बहीण चहात बिस्कीट बुडवून द्यायची.

एकदा दुपारी ती बाई पोराला घेऊन बसली होती. ट्रॅक्टर उभा होता. मी बांधावरून ओरडलो, "आधी गाडी भरा, मग लाड करा." ती काही न बोलता उठली. हे लिहिताना आजही लाज वाटते.

घरी बोललो तर बायको गप्प झाली. दुसऱ्या दिवशी ती डाळ-भात कालवून फडात घेऊन गेली. बाईनं हात जोडले, पण म्हणाली, "मावशी, सवय नका लावू. पुढल्या फडात कोण देणार?"

मी दहावी शिकलेला माणूस. या प्रश्नाला मला उत्तर आलं नाही. उद्या देता येणार नाही म्हणून आजचं द्यायचं नाही का? आणि चार दिवस देऊन पाठ फिरवायची, यात पुण्य कुणाचं आणि भूक कुणाची?

सुनेला अंगणवाडीत सांगितलेलं होतं. सहा महिन्यांपर्यंत नुसतं आईचं दूध पुरतं, नंतर पुरत नाही. दूध दोन वर्षं चालू ठेवायचं, पण जोडीला घट्ट खाणं लागतं. वरणाचं नुसतं पाणी पाजून पोट भरत नाही, डाळ घोटून घालावी लागते. चहानं तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बायको रिकाम्या हातानं गेली. बाईच्याच गाठोड्यातली भाकरी घेतली, तिच्याच कालवणातली डाळ बोटानं घोटली, भाकरीचा पापुद्रा त्यात मऊ कुस्करला आणि पोराला मांडीवर घेतलं. चमचा चमचा करत अर्धा तास गेला. तेव्हा मला उमगलं. तिच्याकडं भाकरी होती, डाळ होती, मायाही होती. अर्धा तास तेवढा नव्हता. मी उदार होऊन "बस गं बाई" म्हटलं असतं, तरी बुडालेली मोळी तिच्याच मजुरीतून जाणार होती. अर्धा तास आमच्याकडं होता. आम्ही बांधावर बसून तो घालवत होतो.

नऊ दिवस तोड चालली. बायको रोज दोनदा जायची. शेवटी शेवटी तिला बघितलं की पोर आ करायचं. त्याच्या उष्टावणाला चांदीची वाटी नव्हती, मामाही नव्हता.

टोळी पुढच्या गावाला निघाली तेव्हा बाई म्हणाली, "मावशी, काळजी नका करू. आता पोरगी भरवती की." खरंच, ती सात वर्षांची पोर शेजारी बसून सगळं शिकली होती. बायकोला बरं वाटलं. मला मात्र चैन पडेना. आम्ही दिलेला अर्धा तास शेवटी त्या पोरीच्या अंगावर पडला होता, आणि तिचं वय शाळेत बसायचं होतं.

ऊस गेला, बिल आलं. पुढच्या हंगामात तोड आली की पहिल्या दिवशी कोपीवर जाऊन विचारायचं ठरवलंय, लहान पोर कुणाचं आहे. एवढ्यानं फेड होत नाही, हे मला कळतं. पण चहात साखर घालताना हात थोडा थांबतो.