मालक कुठे असतो?

25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि 146 कामगार दगावले. बहुतेक जणी परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली. एका जिन्याच्या दाराला कुलूप होतं. दोन्ही मालक त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. ते गच्चीवरून निसटले. पुढे खटल्यातून सुटलेही. पण निदान आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, कारण मालक कोण, याबद्दल वादच नव्हता.

वाद नंतर तयार झाला. खरं तर तयार केला गेला. त्याच शहरात ‘जॉबर’ नावाची जमात फोफावली: कापड त्याचं, नमुना त्याचा, गिऱ्हाईक त्याचं; शिलाई मात्र कंत्राटदाराची. मजुरी बुडाली की जॉबर म्हणे, त्या बाया माझ्या नव्हेत. यावर शिलाई कामगारांच्या युनियननं नामी तोड काढली. कंत्राटदाराकडच्या मजुरीची हमी जॉबरनंच द्यायची, तीही करारावर सही करून.

‘त्या बाया माझ्या नव्हेत’ हे वाक्य आपल्या कानांना परकं नाही. ऊसतोडीसाठी साखर कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, त्याचा मुकादमाशी. मुकादम उचल देऊन ‘कोयते’ बांधतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. कारखान्याच्या हजेरीपटावर दोघांपैकी कुणीच नसतं.

1937 साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं विचारलं होतं: बाजारात सगळं विकत मिळत असताना कंपनी कामं स्वतःकडे का ठेवते? बाजारातून घेण्यालाही खर्च येतो म्हणून, हे त्याचं उत्तर. कंटेनर आणि दूरसंचारानं तो खर्च उतरवला. पण एक गोष्ट हिशेबात आलीच नाही: काम बाहेर दिलं की जबाबदारीही बाहेर जाते. माझ्या मते खरी बचत तिथंच आहे.

1990च्या दशकात नायकी हेच सांगत होती की कारखाने आमचे नाहीत. 1998 मध्ये तिचे प्रमुख फिल नाइट यांनी जाहीरपणे मान्य केलं की कंपनीचं नाव गुलामीच्या मजुरीशी जोडलं गेलं आहे. मग तपासनिसांचं आणि प्रमाणपत्रांचं युग आलं. कराचीच्या अली एंटरप्रायझेसला 2012 मध्ये असं प्रमाणपत्र मिळालं. काही आठवड्यांतच तिथल्या आगीत अडीचशेहून अधिक माणसं गेली.

ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला 23 एप्रिल 2013 रोजी तडे गेले. खालच्या बँकेनं कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. वरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. माल वेळेत गेला नाही तर भुर्दंड कारखानदाराच्या माथी, आणि तारीख ठरवणारा हजारो मैलांवर. इमारत कोसळली. 1,134 मृत्यू. कोणत्या ब्रँडचा माल तिथं शिवला जात होता, हे ढिगाऱ्यातली लेबलं शोधून सिद्ध करावं लागलं. बेनेटननं आधी संबंध नाकारला, मग कबूल केला.

त्यानंतर झालेला बांगलादेश अकॉर्ड हा ब्रँड आणि युनियन यांच्यातला कायद्यानं बांधणारा करार. म्हणजे जॉबरवाली जुनीच युक्ती, समुद्रापार नेलेली. वॉलमार्ट आणि गॅपनं त्यावर सही केली नाही.

24 एप्रिल 2024 रोजी, राणा प्लाझाच्या अकराव्या स्मृतिदिनी, युरोपीय संसदेनं मोठ्या कंपन्यांवर पुरवठा साखळीची जबाबदारी टाकणारा कायदा मंजूर केला. वर्ष उलटायच्या आत त्याची अंमलबजावणी एक वर्षानं पुढे ढकलण्यात आली.