राखीव गडी

जुने कॉलेज पाहायला जाताना माणसाने दोन गोष्टी बरोबर नेऊ नयेत : जुने मित्र आणि नातू. मित्रांना सगळे आठवत असते आणि नातवाला सगळे खरे वाटत असते. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या माणसाची काय गत होते, ते मी नुकतेच बारामतीला अनुभवले.

आम्ही तिघे. एक बागाईतदार (इंदापूर तालुक्यात ऊस, बोलणेही त्याच गोडीचे), एक निवृत्त मास्तर आणि मी. शिवाय बागाईतदाराचा दहा वर्षांचा नातू. आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियम पाहिले. 2020 साली महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना इथे झाला. आमच्या तरुणपणी बारामतीत रणजी येईल असे कोणी म्हणाले असते, तर त्याला ऊन लागले असे समजून आम्ही कांदा हुंगायला दिला असता. मास्तर सगळे पाहून "छान, छान" म्हणाले. दुसऱ्याची नवी सून पाहिल्यावर म्हणतात तसे. जीव अडकला होता तो तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या मैदानात. कॉलेज 1962 सालचे. आम्ही त्यात शिरलो ते बारा वर्षांनी, आणि शिकण्यापेक्षा कबड्डीसाठीच जास्त.

मैदानाच्या कडेला उभा राहून बागाईतदार नातवाला सांगू लागला, "हे बघ बाळा, इथं मध्यरेषा होती. शेवटची चढाई. आपण दोन गुणांनी मागं. तुझा आजोबा आत घुसला. तिघांनी पाय धरले. तरी सरपटत सरपटत रेषेला हात टेकवला. तीन गडी बाद!"

मी मास्तरांकडे पाहिले. मास्तर आभाळाकडे पाहत होते.

कारण ती चढाई बागाईतदाराची नव्हतीच. तो तेव्हा बाद होऊन रेषेबाहेर बसला होता. मी राखीव गडी. सात जणांच्या चपला, दोन घड्याळे आणि लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा सांभाळणे, हे माझे खेळातले स्थान. अशा माणसाला सामना फार नीट दिसतो. ती चढाई केली आमच्यातल्या चौथ्याने. चौथा गेल्या पावसाळ्यात गेला.

आता तुम्हीच सांगा, काय करायचे? मेलेल्या माणसाची जमीन कोणी लाटली तर तलाठ्याकडे जाता येते. त्याची चढाई लाटली तर कुठे जायचे? बरे, उसनी फुशारकी मारत नाही असा माणूस कोण आहे? 1983 साली कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या आळीत ज्याने "आपण जिंकलो" म्हणून पेढे वाटले, त्याने जन्मात बॅट धरली नव्हती. पेढे मीही खाल्ले. पण तो बिचारा "आपण" म्हणाला होता. "आपण"चा "मी" कधी होतो, ते जिभेला कळत नाही, आणि नातू समोर असला की मुळीच कळत नाही.

जेवण बागाईतदाराच्या मळ्यात होते, म्हणून गाडी इंदापूरच्या वाटेला लागली. काटेवाडी मागे पडली. इथे तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवडीला उतरलो. वारीत इथे घोड्यांचे गोल रिंगण होते, ती जागा पोराला दाखवायची होती. पताकावाले, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया, वीणेकरी, सगळे धावतात. मग घोडे सुटतात आणि त्यांच्या टापांखालची धूळ लोक कपाळाला लावतात.

"इथं जिंकतं कोण?" पोराने विचारले.

"कुणी नाही."

"मग धावतात कशाला?"

जन्मभर पोरांना शिकवलेल्या मास्तरांनी यावर तपकीर काढली. मास्तरांकडून काही मिळत नाही असे पाहून पोर माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्ही होता ना तेव्हा? खरंच तीन गडी बाद झाले?"

"झाले," मी म्हणालो. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

शब्द खोटा नव्हता. नरो वा कुंजरो वा म्हणणाऱ्या धर्मराजाचाही शब्द खोटा नव्हता. तरी त्याचा रथ जमिनीला टेकला. माझा रथ कधी अधांतरी नव्हताच, म्हणून फरक कळला नाही एवढेच.

जेवताना बागाईतदार नेहमीसारखा आग्रह करीना. भाकरी मी मागून घेतली. हात धुवायला विहिरीकडे गेलो तेव्हा तो मागोमाग आला आणि तांब्याने माझ्या हातावर पाणी घालू लागला.

"तू पोराला काही सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"सांगायला हवं होतंस लेका," तो म्हणाला, आणि तांब्या पुन्हा भरायला वळला.